वाटलेले चेंडू आणि हवा असलेले चेंडू

१५ सप्टेंबर २०१७ हा दिवस आठवतोय का कुणाला? त्या एका दिवसात महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचं असं सरकारने ठरवलं होतं. 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' हे त्याचं नाव. पुढच्याच महिन्यात १७ वर्षांखालच्या मुलांचा फिफा विश्वचषक भारतात होता, नवी मुंबईतही सामने होते, त्यासाठी ही वातावरणनिर्मिती. शाळांना फुटबॉल दिले गेले, मैदानांवर फक्की मारली गेली, पाहुणे मंडळींनी चेंडूला लाथ मारून उद्घाटनं केली. केंद्र सरकारचं 'मिशन इलेव्हन मिलियन' त्याच वर्षी चालू होतं, त्याचं लक्ष्य होतं १ कोटी १० लाख मुलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि खरं सांगायचं तर मला हे सगळं भारी वाटलं होतं. अजूनही वाटतं. क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या तरी खेळासाठी एक दिवस सगळ्या राज्याची शाळा मैदानावर आली, यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण आता आठ वर्षं उलटून गेलीत. ते मिशन यशस्वी झालं का, असं कुणी विचारलं तर उत्तर म्हणून आपल्याकडे काय आहे? त्या दिवशी किती मुलं मैदानावर आली त्याचा आकडा. बस्स.

आमच्या क्षेत्रात याला डाउनलोडचा आकडा म्हणतात. ॲप बाजारात आणलं, जाहिरात केली, पहिल्या आठवड्यात लाखभर लोकांनी उतरवून घेतलं. मॅनेजर खूश, केक कापला. तीन महिन्यांनी कुणी तरी विचारतं, रोज उघडणारे किती? मग खोलीत शांतता. डाउनलोडचा आकडा खोटा नसतो, तो फक्त वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. 'किती लोकांपर्यंत पोचलो' हा एक प्रश्न आणि 'किती लोकांच्या आयुष्यात राहिलो' हा दुसरा. सरकारी पैशातून चालणाऱ्या फुटबॉल योजनांचं माझ्या मते नेमकं हेच दुखणं आहे. पहिल्या प्रश्नाची उत्तरं आपण ढीगभर जमवतो, दुसरा प्रश्न विचारतच नाही.

म्हणजे बघा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुलींचा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा 'फुटबॉल फॉर स्कूल्स'चा करार झाला. फिफा, केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि भारतीय फुटबॉल महासंघ असे तिघे त्यात होते. देशभरात दीड लाखाहून जास्त शाळांना ११ लाखांहून जास्त फुटबॉल द्यायचे. भागाकार केला तर शाळेमागे सात चेंडू. वाटपाची जबाबदारी नवोदय विद्यालयांवर होती. आमच्या पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यातच आहे, पिंपळे जगतापला. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली. आणि अगदी अलीकडचं म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्याचा 'प्रोजेक्ट महादेवा' गाजला. १३ वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या आणि त्यांना पुढची पाच वर्षं घडवायचं.

२०१७ मध्ये एका दिवसासाठी दहा लाख, आणि २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी साठ. दोन्ही टोकं झाली. मधे जे उरलं, म्हणजे निवड न झालेला, पण आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळायची इच्छा असलेला सातवी-आठवीतला साधा पोरगा किंवा पोरगी, ते कुठल्याच आकड्यात येत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की सरकारी पैशाचं यश त्यांच्यावरूनच मोजायला पाहिजे.

आता जरा आमच्याकडच्या जमिनीवर येऊ.

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके. शिरूरला जुनी मंडळी अजून घोडनदी म्हणतात. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, कुठून कुठून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरलं की दौंड तालुका लागतो. ऊस, गुऱ्हाळं, कारखाने, पुढे भीमेचा काठ आणि रेल्वेचं मोठं जंक्शन. खेळ म्हणाल तर कुस्ती आणि कबड्डी. जत्रेत आखाडा हवाच. फुटबॉलला नाही म्हणायला शाळेत एक चेंडू असतो.

त्या चेंडूचं काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या महिन्यात मैदानाकडेच्या वेड्या बाभळीचा काटा त्याच्यात घुसतो. पंप असतो पण पिन हरवलेली असते. पिन असली तर ब्लॅडर गेलेलं असतं. चेंडू कपाटात जातो. डेड स्टॉक रजिस्टरला मात्र 'फुटबॉल, नग ७' ही नोंद कायम. शाळांची सरकारी माहिती भरताना एक रकाना असतो, मैदान आहे का, हो किंवा नाही. त्या 'हो'मध्ये मुरमाचं सपाट मैदानही बसतं आणि खडी पसरलेला उतारही. मैदान किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे तो रकाना विचारत नाही.

या सगळ्यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत खेळाचा वेगळा शिक्षक नाहीच. जे गुरुजी गणित शिकवतात तेच निवडणुकीचं काम करतात, तेच ऑनलाइन माहिती भरतात आणि तेच फुटबॉलची शिट्टी वाजवतात.

आता स्पर्धांचं गणित बघू, कारण यात मला एक इंजिनिअर म्हणून फार गंमत वाटते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात. सुब्रतो करंडकाचा रस्ताही तसाच, खालून वर. आणि खालच्या पायरीवर सामने सहसा बाद पद्धतीने होतात, कारण वेळ नसतो. समजा एका तालुक्यात १६ शाळांचे संघ आले. बाद पद्धतीत एकूण सामने किती होतील? १५. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो, म्हणून. आठ संघ एकच सामना खेळून परत. आणखी चार संघ दोन सामने खेळून परत. सरासरी काढली तर संघामागे दोन सामनेही पडत नाहीत. म्हणजे जुलैपासून तयारी केलेल्या मुलांच्या वर्षभराच्या फुटबॉलचा हिशेब काय? एक एसटीचा किंवा टेम्पोचा प्रवास, तासाभराचा सामना आणि वडापाव. हेच चार-चारच्या गटांत साखळी पद्धतीने खेळवलं तर गटात २४ सामने, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे २७ होतात. बारा सामने जास्त. पण प्रत्येक पोराला किमान तीन सामने मिळतात.

या दोनपैकी कुठली स्पर्धा जास्त यशस्वी? आजच्या अहवालाच्या नमुन्यात दोन्ही सारख्याच. सहभागी संघ १६, सहभागी खेळाडू इतके, विजेता अमुक. मुलांना प्रत्यक्ष किती मिनिटं खेळायला मिळालं हा रकानाच नाही, त्यामुळे साखळी सामने घेणारा क्रीडाशिक्षक हा कागदावर उगाच खर्च वाढवणारा माणूस ठरतो.

"पण मेडल्स? तालुक्यातला एखादा पोरगा भारताकडून खेळला तर ते यश नाही का?" आहे ना. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, राज्य सरकारच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. सरकारी पैशाचा याहून चांगला उपयोग दाखवता येणार नाही. तिन्ही सामने आपण हरलो (अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०), पण ती पोरं त्या मैदानावर उभी होती हेच मोठं.

मात्र एका तालुक्याच्या योजनेचं यश अशा एका पोरावरून मोजणं म्हणजे गावातल्या एकाला लॉटरी लागली म्हणून गावाची बचत वाढली असं म्हणणं. दहा वर्षांत एखादाच खेळाडू त्या पातळीला जाणार. तो गेला तर योजना चांगली आणि नाही गेला तर वाईट, असं कसं ठरवायचं? नमुना इतका छोटा की त्यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय गुणवान मूल सापडलं की आपण त्याला उचलून पुण्याला नेतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मागे राहिलेल्या चौदा जणांचं काय, हा प्रश्न तालुक्यातच राहतो.

इथे कोल्हापूरकडे नीट बघायला पाहिजे. अनिकेत जाधव प्रबोधिनीत घडला हे खरं, पण कोल्हापुरात फुटबॉल आधीपासून होता. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ... पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, ईर्षा, भांडणं, सगळं. नावं बघा, तालीम आणि तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल दत्तक घेतला. तिथे ज्या पोराची निवड होत नाही त्याला रविवारी खेळायला कुठे तरी जागा असते, पंचविशीतही असते. आमच्याकडे कबड्डीचं तसंच आहे. कुठली योजना नसली तरी जत्रेत कबड्डीचे सामने होतात, कारण ती गावाची गोष्ट आहे. शिरूर-दौंडमध्ये फुटबॉल तसा नाही. तिथे निवड झाली नाही की खेळ संपला.

म्हणून माझ्या लेखी कुठल्याही फुटबॉल योजनेची खरी परीक्षा एकच. योजनेचा पैसा थांबल्यावर दोन वर्षांनी त्या गावात रविवारी सामना होतो का?

अर्थात ही परीक्षा फार उशिरा होते, तोवर दुसरी योजना आलेली असते :) म्हणून मधल्या काळात मोजायला काही तरी लागेल. माझ्या डोक्यात आहेत ते आकडे असे:

१. जूनमध्ये नाव घातलेल्या मुलांपैकी जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी किती जण मैदानावर होते? २६ जानेवारी नको, कार्यक्रमाचा दिवस नको. साधा मंगळवार.

२. हाच आकडा आठवी-नववीच्या मुलींचा, वेगळा. सगळ्यांच्या सरासरीत तो मिसळायचा नाही.

३. वर्षभरात प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष सामन्याची किती मिनिटं मिळाली?

४. तालुका पातळीवर हरलेल्या संघातली किती मुलं पुढच्या आठवड्यात सरावाला आली?

५. आज, आत्ता, शाळेत हवा असलेले चेंडू किती?

पाचवा विनोद वाटेल, पण नाही. तो मोजायला एक मिनिट लागतं आणि तो बरंच काही सांगून जातो. सात चेंडूंत एक वर्षानंतर पाच चेंडूंत हवा असेल, तर त्या शाळेत कुणी तरी पिन जपून ठेवतंय, पंक्चर काढून आणतंय, म्हणजे कुणी तरी खेळतंय.

दुसऱ्याबद्दल थोडं सांगतो. माझी एक मामेबहीण दौंड तालुक्यात शिकते. आठवीत ती गोलकीपर होती, नववीत सोडलं. घरच्यांचा विरोध वगैरे काही नव्हता. सराव शाळा सुटल्यावर आणि गावाकडची शेवटची सोयीची एसटी त्याच वेळी. ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही फार चांगली सोय आहे, पण पास असून गाडी चुकली तर उपयोग काय? तिला प्रशिक्षक नको होता, बूट नको होते. सराव शाळेच्या आधी सकाळी हवा होता, आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली. योजनेच्या अहवालात ती 'लाभार्थी' म्हणून आजही असेल, कारण एकदा नाव लागलं की लागलं. जानेवारीचा मंगळवार मोजला असता तर ती गैरहजर दिसली असती, आणि कुणी तरी कारण विचारलं असतं. मोजायचं ते यासाठी. शिक्षा करायला नव्हे, विचारायला.

आता धोक्याची बाजू. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेला एक नियम आमच्या ऑफिसांत सारखा ऐकायला मिळतो. साध्या भाषेत सांगायचं तर, एखादं मोजमाप हेच ध्येय बनलं की ते चांगलं मोजमाप उरत नाही. हजेरीवर अनुदान बांधलं की हजेरी शंभर टक्के होणार, आणि मैदान रिकामंच राहणार. पण आमच्या भागात याहून वाईट एक गोष्ट होऊ शकते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आसपास येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जातात. रांजणगावला कंत्राट संपलं की बाप खोली बदलतो. 'टिकलेली मुलं' एवढाच आकडा धरला तर हुशार माणूस काय करेल? या मुलांना घेणारच नाही. आकडा सुधारेल, आणि ज्या मुलाला खेळाची, ओळखीची, चार मित्रांची सगळ्यात जास्त गरज आहे तोच कुंपणाबाहेर उभा राहील. म्हणून टिकण्याचा हिशेब मूल गावात होतं तेवढ्याच आठवड्यांवर काढायचा. पाच महिने होतं आणि पाच महिने आलं, तर शंभर टक्के. तो आकडा काढायला थोडी जास्त मेहनत पडते, पण तो प्रामाणिक आहे.

आणि मोजणार कोण? शिक्षकांना आणखी एक ॲप नको, प्लीज. मी ॲप बनवणाऱ्या धंद्यात असून हे म्हणतोय. शिरूरला, दौंडला कॉलेजं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत. वर्षातून चार वेळा न सांगता दोघांनी जायचं, मैदानावरची डोकी मोजायची, चेंडू दाबून बघायचे आणि दहा मुलांशी बोलायचं. एका कागदावर मावेल एवढं काम. निकाल अनुदानाला न जोडता ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

कुणी म्हणेल, हे खेळाचं आहे, एवढं काय मोजायचं. आइसलँडचं उदाहरण बघा. जेमतेम साडेतीन लाखांचा देश, २०१८ चा विश्वचषक खेळला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथल्या नगरपालिकांनी मुलांच्या खेळांवर खर्च केला तो किशोरवयीन मुलांचं दारू-सिगारेटचं प्रमाण चिंताजनक होतं म्हणून, आणि मोजलंही तेच. शाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारत राहिले. गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगणारी १५-१६ वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. हे सगळं श्रेय खेळाचं नाही, पालकांनी रात्री घातलेल्या गस्ती होत्या, कायदे होते. पण पैसा कशासाठी खर्च करतोय हे आधी ठरवलं आणि नेमकं तेच मोजलं, हे शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे हे 'कशासाठी'च कुणी लिहून ठेवत नाही. मग योजना संपल्यावर जे मोजता येतं तेच यश ठरतं.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला फार जवळचा आहे. योजनेमुळे फरक पडला हे ओळखायचं कसं? पैसे वीसपैकी दहाच शाळांना पुरणार असतील तर त्या दहा शाळा ओळखीने किंवा साहेबांच्या गावावरून ठरवू नका. सोडत काढा. सरपंचपदाच्या आरक्षणाला लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात ना, तशी. दोन वर्षांनी मिळालेल्या दहा आणि न मिळालेल्या दहा शाळा शेजारी ठेवून बघा. जास्त मुलं मैदानावर आहेत का? मुली आहेत का? फरक नसेल तर योजना बदला, आणि असेल तर उरलेल्या दहांना द्या. भांडणही नाही आणि उत्तरही मिळतं. यात परदेशी तज्ज्ञ लागत नाही, एक डबा आणि वीस चिठ्ठ्या लागतात.

असो. बरंच लिहिलं. दहा लाखांच्या दिवसाला माझा विरोध नाही आणि साठ मुलांना तर मनापासून शुभेच्छा. फक्त त्या दोन आकड्यांच्या मधे जो सगळा महाराष्ट्र आहे, त्याचाही एक आकडा असावा एवढंच म्हणणं.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल, किंवा कुणाची भावंडं गावाकडे शाळेत असतील, तर एक काम करा. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता फोन करून विचारा, मैदानावर किती जण आहेत, आणि चेंडूत हवा आहे का. आकडा काहीही येवो, मला कळवा. शिरूर-दौंडचे मी गोळा करतोय.